दारिद्र्याचीं छायाचित्रें

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत छायाचित्रांची चर्चा कां करावी, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल, आणि तो गैर नाहीं. छायाचित्र हें यंत्राचें काम आणि वाङ्मय हें मनाचें काम, अशी वांटणी आपण पूर्वींच करून ठेविली आहे. परंतु गेल्या शंभर वर्षांत गरिबांच्या जीवनाविषयीं सुशिक्षित मध्यमवर्गाची जी कल्पना बनली, ती कादंबऱ्यांनीं जितकी बनविली तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, छायाचित्रांनीं बनविली आहे. दुष्काळ म्हटला कीं भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर उकिडवा बसलेला म्हातारा आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. तो आपण स्वतः क्वचितच पाहिलेला असतो. कोणीतरी तो आपल्याकरितां पाहून ठेविलेला असतो. जी कला आपल्या करुणेला आकार देते तिची परीक्षा करणें हें टीकेचेंच काम आहे.

दुसऱ्याच्या दुःखाचें चित्रण पाहून आपल्याला समाधान कां वाटावें, हा आपल्या साहित्यशास्त्रांतला जुना वाद आहे. भट्टनायकानें त्याचें उत्तर साधारणीकरणाच्या कल्पनेनें दिलें. रंगभूमीवरचा शोक हा अमक्या एका व्यक्तीचा म्हणून उरत नाहीं. तो केवळ शोक होतो, आणि म्हणूनच प्रेक्षकाला त्याचा आस्वाद घेतां येतो, असा त्या उत्तराचा मथितार्थ. नाटकापुरतें हें उत्तर पुरेसें आहे. नाटकांतल्या सीतेच्या शोकाचें साधारणीकरण झाल्यानें सीतेचें कांहीं बिघडत नाहीं. छायाचित्राची गोष्ट निराळी. तेथें ज्याच्या शोकाचें साधारणीकरण होतें तो माणूस खरा असतो. चित्र घेऊन झाल्यावरहि तो त्याच उन्हांत उभा असतो. आणि त्याला नांव असतें. प्रेक्षकाच्या आस्वादाकरितां तें नांव पुसलें गेलें, तर पुसणारानें त्या माणसाचें कांहीं घेतलें काय? मला वाटतें, या कलेच्या टीकेंतला हाच मुख्य प्रश्न आहे; प्रकाश, छाया, रचना हे प्रश्न त्याच्या मागाहूनचे.

या कलेचें सर्वांत गाजलेलें उदाहरण अमेरिकेंतलें आहे. १९२९ सालीं सुरू झालेल्या मंदीनें आणि पुढील अवर्षणानें तेथील हजारों शेतकरी कुटुंबें देशोधडीला लागलीं. तेव्हां सरकारनें १९३५ सालीं पुनर्वसनाचें एक खातें काढलें. १९३७ सालीं तें 'फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन' या नांवानें चालूं लागलें. रॉय स्ट्रायकर नांवाच्या अर्थशास्त्राच्या अध्यापकानें त्या खात्यांत छायाचित्रकारांचा एक संच जमविला आणि त्यांना गांवोगांव धाडलें. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, आर्थर रॉथस्टीन हे त्यांपैकीं होत. या उद्योगाचा हेतु निव्वळ ज्ञानाचा नव्हता. करदात्यांच्या पैशानें गरिबांना साह्य करणें रास्त आहे, हें करदात्यांना पटवून द्यावयाचें होतें. म्हणजे हीं चित्रें मुळांतच वकिलीचीं चित्रें होत. स्ट्रायकरला जीं पसंत पडत नसत अशा अनेक निगेटिव्हांना तो भोंक पाडून टाकी. वकिली म्हटली कीं असत्य, असें मात्र समजण्याचें कारण नाहीं. वकील खऱ्या पक्षाचाहि असूं शकतो. या खात्याच्या आणि त्याचें काम पुढें चालविणाऱ्या खात्याच्या मिळून सुमारें १,७५,००० निगेटिव्ह वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत जतन करून ठेविलेल्या आहेत. एका राष्ट्रानें आपल्या हलाखीचें इतकें तपशीलवार दप्तर ठेविल्याचें उदाहरण क्वचितच सांपडेल.

या दप्तरांतलें एक चित्र सर्वांना ठाऊक आहे. १९३६ सालच्या मार्च महिन्यांत लँगबाई काम आटोपून मोटारीनें घरीं परतत होत्या. कॅलिफोर्नियांतील निपोमो गांवाजवळ मटार तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी त्यांना दिसली. पाटी मागें टाकून त्या सुमारें वीस मैल पुढें गेल्या. मन स्वस्थ बसूं देईना म्हणून परत फिरल्या. पीक थंडीनें जळालें होतें. मजुरांना काम नव्हतें. एका फाटक्या तंबूंत एक बाई मुलांना घेऊन बसली होती. लँगबाईंनीं तिचीं पांच-सहा चित्रें घेतलीं. शेवटच्या चित्रांत ती बाई हनुवटीजवळ हात नेऊन कोठेंतरी दूर पाहते आहे. दोन मुलें तिच्या दोन खांद्यांवर डोकें टेकून पाठमोरीं उभीं आहेत. मांडीवर तान्हें आहे. हीच 'स्थलांतरित माता' म्हणून जगभर गेली.

या चित्राची रचना अपूर्व आहे, हें निर्विवाद. मुलांचीं तोंडें दिसत नसल्यामुळें पाहणाराची नजर आईच्या मुद्रेवरून ढळत नाहीं. आणि आईची नजर आपल्याकडे नसल्यामुळें आपण संकोच न वाटतां तिच्याकडे पाहत राहतों. परंतु तींच पांच-सहा चित्रें क्रमानें पाहिलीं असतां एक गोष्ट ध्यानांत येते. आधींच्या चित्रांत तंबू आहे, पेटी आहे, मोठी मुलगी आहे, आजूबाजूची उघडी जमीन आहे. लँगबाई जसजशा जवळ गेल्या तसतसें हें सर्व चौकटीबाहेर पडत गेलें. शेवटीं उरली ती केवळ माता. तंबूच्या खांबाला धरलेल्या हाताचा आंगठा कोपऱ्यांत दिसत होता. तोहि रचनेंत खुपतो म्हणून लँगबाईंनीं पुढें निगेटिव्हवरून पुसट करविला. चित्रांतून मटार गेला, मजुरी गेली, मालक गेला, रस्ता गेला; आणि जसजशीं दारिद्र्याचीं कारणें बाहेर गेलीं तसतसें चित्र अजरामर होत गेलें. हाच साधारणीकरणाचा विजय, आणि माझ्या मतें हीच त्याची किंमत.

लँगबाईंनीं त्या बाईचें नांव विचारलें नाहीं. सरकारी नोंदींत तिचें वय बत्तीस आणि मुलें सात, एवढें आहे, नांव नाहीं. चित्र वर्तमानपत्रांतून छापून आलें, तेव्हां छावणीला अन्न पोंचलें. परंतु तोंवर ती बाई मुलांसह पुढें निघून गेली होती. बेचाळीस वर्षांनीं, १९७८ सालीं, तिचा पत्ता लागला. तिचें नांव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ती चेरोकी वंशाची. आपलें चित्र काढलें गेलें नसतें तर बरें झालें असतें, आपल्याला त्यांतून कांहींच मिळालें नाहीं, असें तिनें बोलून दाखविलें. १९८३ सालीं ती आजारी पडली तेव्हां मुलांनीं केलेल्या विनंतीवरून, तें चित्र ओळखणाऱ्या लोकांनीं हजारों डॉलर पाठविले. त्याच वर्षीं ती वारली. लँगबाईंच्या अंतःकरणाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. वीस मैल परत फिरणारें माणूस कोरडें असूं शकत नाहीं. तरी पण ज्या बाईच्या तोंडावर एका देशाचें दुःख वाचलें गेलें, तिला तें तोंड आपलें म्हणून परत मिळण्यास बेचाळीस वर्षें लागलीं, हेंहि तितकेंच खरें.

हें सर्व मी वर्गांत अनेक वर्षें सांगत आलों आहें. आणि सांगतांना लँगबाईंचा किंचित् न्यायनिवाडाहि करीत आलों आहें. तसा अधिकार मला नव्हता, हें मला फार उशीरा कळलें. ती हकीकत येथें सांगितलीच पाहिजे.

मी उरणचा. १९९० सालच्या उन्हाळ्यांत, मी कॉलेजांत शिकत असतां, एका स्नेह्याकडून कॅमेरा मागून आणला आणि खाडीकडील एका मिठागरावर गेलों. तालुक्यांत तेव्हां मोठी उलथापालथ चालली होती. न्हावा-शेवा बंदर १९८९ सालीं सुरू झालें होतें. जमिनी जाऊन मोबदल्याच्या वाटाघाटी चालूं होत्या. १९८४ च्या जानेवारींत जासई येथें व आसपास गोळीबार होऊन पांच माणसें मृत्युमुखीं पडलीं होतीं, त्याची आठवण घरोघर ताजी होती. परंतु मिठागरांचें काम जेथें चालूं होतें तेथें तें पूर्वींच्याच रीतीनें चालूं होतें. उधाणाचें पाणी बांधाच्या उघाडींतून आंत घ्यावयाचें, एकामागून एक वाफ्यांतून फिरवून तें उन्हानें आटवावयाचें, शेवटच्या वाफ्यांत मीठ धरलें कीं लांब बांबूच्या टोंकाला बसविलेल्या फळीनें तें ओढून कांठावर घ्यावयाचें, आणि टोपल्यांनीं वाहून रास घालावयाची. हें वाहण्याचें काम बायकांचें. खाऱ्या पाण्यानें पायांच्या भेगा कधीं भरून येत नाहींत.

मीं एका बाईला उभें राहण्याची विनंती केली. बांधावरून तिच्याकडे जातांना माझा पाय घसरला आणि एक चप्पल चिखलांत रुतून बसली. ती बाई डोक्यावरची टोपली सांवरीत खळखळून हंसली. मीं चप्पल काढली, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि तिला म्हणालों, "हंसूं नका." ती गप्प झाली. तें चित्र आमच्या कॉलेजच्या वार्षिकांत छापलें गेलें. खालीं मीं एकच शब्द दिला होता : 'दारिद्र्य'. पुष्कळांनीं वाखाणणी केली. तिच्या डोळ्यांत साऱ्या कोंकणचें दैन्य सांठलें आहे, असेंहि कोणी म्हणाले.

त्यानंतर अनेक वर्षांनीं, मी अध्यापक झाल्यावर, एक विद्यार्थिनी तासानंतर माझ्याकडे आली. तिच्या हातांत ग्रंथालयांतलें तेंच जुनें वार्षिक होतें. ती म्हणाली, "सर, ही माझी आजी." मला काय बोलावें सुचेना. ती पुढें म्हणाली, "आजी सांगायची, एका पोरानं माझा फोटो काढला होता, आणि हंसूं नको म्हणून सांगितलं होतं. तें खरं कां, सर?" मीं खरें आहे म्हणून सांगितलें. तिच्या बोलण्यांत राग नव्हता. दुसऱ्या दिवशीं तिनें घरचा एक फोटो दाखविण्यास आणला. तीच बाई, वयानें थोडी लहान. मागें रंगविलेला पडदा, त्यावर जिना आणि फुलांच्या कुंड्या. अंगावर इस्त्रीचें नऊवारी लुगडें, गळ्यांत ठुशी. "ठुशी जावेची होती," ती मुलगी हंसत म्हणाली.

मीं तीं दोन चित्रें शेजारीं ठेवून पुष्कळ वेळ पाहिलीं. यांतलें खरें कोणतें? आमच्या पिढीच्या शिक्षणाप्रमाणें मिठागरावरचें चित्र खरें आणि पडद्यापुढचें खोटें. पडदा रंगविलेला, ठुशी उसनी. परंतु माझ्या चित्रांतली मुद्रा तरी कोठें तिची होती? ती मीं तिच्याकडून उसनी मागून घेतली होती. जावेची ठुशी तिनें आपण होऊन मागितली होती. माझी खिन्नता तिच्यावर मीं लादली होती. गरीब माणूस स्टुडिओंत जातो तेव्हां आपण कसें ओळखले जावें हें तो स्वतः ठरवितो. तें ठरविणें हाहि त्याच्या जीवनाचाच एक पुरावा आहे, आणि वास्तवाच्या नांवाखालीं आपण नेमका तोच पुरावा फेंकून देत आलों आहों.

या दोषाचें मूळ आपल्याकडे बरेंच जुनें आहे. मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालींच निघाली. तिच्या आरंभींच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे होते. त्यांनीं मुंबईंतल्या सामान्य लोकांचीं चित्रें घेतलीं. १८५६ ते १८५८ या काळांत जॉन्सन आणि हेंडरसन यांनीं दर महिन्याला निघणारा एक चित्रसंग्रह चालविला. पुढें १८६३ व १८६६ सालीं जॉन्सननें मुंबईंतील जातिजमातींवर दोन ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांतल्या कित्येक चित्रांत माणसांच्या आकृति एका ठिकाणीं घेऊन दुसऱ्याच ठिकाणच्या देखाव्यावर बसविल्या आहेत. माणूस तेथें माणूस म्हणून येत नाहीं; जातीचा अथवा धंद्याचा नमुना म्हणून येतो. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळानें दख्खनहि होरपळून निघाली. त्या दुष्काळाचीं मद्रास इलाख्यांतलीं जीं चित्रें हूपर नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें घेतलीं, त्यांत हाडांचे सांपळे झालेल्या माणसांना ओळीनें मांडून बसविलें आहे. तीं पाहतांना चित्रकाराच्या आधीं माणूस पुढें कां झाला नाहीं, हा प्रश्न मनांत आल्याशिवाय राहत नाहीं. नमुना आणि सांपळा, या दोन सांच्यांतून बाहेर पडण्यास आपल्या छायाचित्रकलेला फार काळ लागला.

बाहेर पडण्याची एक वाट सुनील जाना यांनीं दाखविली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत पूरणचंद जोशी यांच्याबरोबर ते हिंडले. त्यांचीं चित्रें मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकांत प्रसिद्ध झालीं. या चित्रांतहि प्रेतें आहेत, सांपळे आहेत. परंतु तीं बातमीबरोबर छापलीं गेलीं. अन्न कोणीं दडविलें, सरकारनें काय केलें, मदत कोठें पोंचवावी, हें शेजारच्याच मजकुरांत होतें. चित्र एकटें सोडलें नव्हतें. हा फरक लहान दिसतो, पण महत्त्वाचा आहे.

त्याच वाटेनें अधिक पुढें गेलेलें काम म्हणजे पी. साईनाथ यांचें ग्रामीण स्त्रियांच्या श्रमावरचें चित्रप्रदर्शन. यांतलीं चित्रें १९९३ ते २००२ या काळांत दहा राज्यांतून घेतलेलीं आहेत. १९९१ सालीं देशाचें आर्थिक धोरण बदललें. त्यानंतरचें हें पहिलें दशक. शहरांत त्या दशकाचें वर्णन भरभराटीचें म्हणून होत होतें, आणि आमच्या विदर्भांतले शेतकरी कर्जापायीं जीव देऊं लागले होते. साईनाथांनीं मृत्यूचें चित्र न घेतां कामाचें घेतलें. विटा वाहणें, लावणी करणें, पाणी आणणें, सरपण आणणें, झाडणें, सारवणें. दुष्काळ नसतांनाहि जें रोज चालतें आणि रोज चालतें म्हणूनच दिसत नाहीं, तें त्यांनीं दाखविलें.

त्यांतलें एक चित्र मला विशेष मोलाचें वाटतें. पुढें शेताचा मालक ताठ उभा आहे. त्यानें फोटोकरितां ऐटींत पवित्रा घेतला आहे. मागें चिखलांत नऊ बायका कमरेंत वांकून लावणी करीत आहेत. मालकानें सांगितलें कीं, मी यांना दिवसाला ४० रुपये देतों. बायकांनीं मागाहून सांगितलें कीं, आम्हांला २५ मिळतात. हे दोन आंकडे मजकुरांत दिलेले आहेत. निपोमोच्या चित्रांतून जें जें बाहेर गेलें होतें, तें येथें परत आलें आहे. मालक चौकटींत आहे, मजुरी चौकटीखालीं आहे, आणि दोहोंमधला पंधरा रुपयांचा फरक पाहणाराच्या माथ्यावर आहे. कॅमेऱ्याला मजुरी दिसत नाहीं. ती विचारावी लागते. येथें शब्द आणि चित्र एकमेकांची उणीव भरून काढतात, आणि म्हणूनच मी याला वाङ्मयाच्या प्रांतांतलें काम समजतों.

या संग्रहाला एक दोष देतां येईल. वांकलेल्या पाठी एकामागून एक इतक्या येतात कीं पाहणारा शेवटीं पाठीच मोजूं लागतो. श्रमाचें सत्य सांगतां सांगतां श्रमिकाची विनोदबुद्धि, हेवेदावे, थट्टामस्करी हीं मागें पडतात. मिठागरावरची बाई येथेंहि फारशी हंसली नसती असें मला वाटतें. परंतु पुढें २०१४ सालीं साईनाथांनीं सुरू केलेल्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहांत हा दोष पुष्कळ अंशीं भरून निघाला आहे. तेथें माणसें बहुधा नांवागांवासह येतात, स्वतः बोलतात, आणि तो मजकूर मराठींतहि वाचावयास मिळतो. ज्याचें चित्र आहे त्याला आपल्याविषयीं काय लिहिलें आहे हें आपल्या भाषेंत वाचतां यावें, ही साधी अपेक्षा. पण ती पुरी होण्यास दीडशें वर्षें लागलीं.

मराठी मुलखांतलें दुसरें उदाहरण सुधारक ओलवे यांचें. मुंबईच्या सफाई कामगारांचें जीवन त्यांनीं वर्षानुवर्षें चित्रित केलें. २०१६ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. गटारांत छातीपर्यंत उतरलेला माणूस त्यांनीं दाखविला, तेव्हां तो पाहणाराला सुखानें हळहळूं देत नाहीं. कारण ती घाण पाहणाराच्याच घरची असते. करुणेला येथें शरमेची जोड मिळते. जें काम जातीनें माथीं मारलेलें आहे, त्याचें चित्र केवळ 'दारिद्र्य' या नांवाखालीं मावत नाहीं, हेंहि या चित्रांनीं सिद्ध केलें. एका दुपारी जाऊन येणाऱ्याला असलें चित्र मिळत नाहीं. पुन्हां पुन्हां जाणाऱ्याला मिळतें. मी मिठागरावर पुन्हां कधींच गेलों नव्हतों.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक चित्रदर्शनाचा आहे. वनवासाचे प्रसंग भिंतीवर रंगविलेले आहेत, आणि ते राम, सीता व लक्ष्मण स्वतः पाहत आहेत. आपल्या साहित्यांत दुःखाच्या चित्राचा इतका सूक्ष्म विचार दुसरीकडे क्वचितच सांपडेल. कारण येथें ज्यांचें दुःख चित्रांत आहे तेच प्रेक्षक आहेत. शूर्पणखेचें चित्र पाहून सीता दचकते, आणि हें केवळ चित्र आहे असें म्हणून राम तिला धीर देतो. लक्ष्मण मंथरेचें चित्र दाखवूं लागतो, तेव्हां राम कांहीं न बोलतां पुढच्या चित्राकडे वळतो. दुःख ज्याचें, त्याला एखाद्या चित्रावरून नजर काढून घेण्याचा अधिकार आहे, हें भवभूतीनें त्या एका हालचालींत सांगून टाकलें आहे. ज्याच्या नाटकाचा प्राणच करुण, त्याच्या हें ध्यानांत यावें यांत नवल नाहीं.

हीच कसोटी मी दारिद्र्याच्या छायाचित्रांना लावूं इच्छितों. ज्याचें चित्र आहे तो शेजारीं उभा राहून तें पाहत आहे अशी कल्पना करावी, आणि मग तें आपल्यानें पाहवेल कां, याचा विचार करावा. हूपरचीं चित्रें या कसोटीला उतरत नाहींत. लँगबाईंचें चित्र अर्धेंच उतरतें. साईनाथांचें लावणीचें चित्र उतरतें. त्या नऊ बायकांना तें दाखविलें तर, माझी खात्री आहे, त्या पहिल्यानें मालकाकडे बोट दाखवतील. माझें चित्र मुळींच उतरत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, इतका विचार करीत बसल्यास चित्रच निघणार नाहीं, आणि गरिबांची दाद लागणार नाहीं. या आक्षेपांत तथ्य आहे. निपोमोच्या छावणीला अन्न पोंचलें तें त्या चित्रामुळेंच. नांव विचारण्यांत दोन मिनिटें गेलीं असतीं तर अन्न पोंचलें नसतें असें मात्र नव्हे. माझें म्हणणें चित्र घेऊं नये असें नाहीं. उलट अधिक घ्यावीं, आणि अधिक वेळ देऊन घ्यावीं. आमच्या उरणचेंच पाहा. जेथें वाफे होते तेथें कंटेनरांच्या राशी आहेत. २०२४ च्या जानेवारींत रेल्वे गांवापर्यंत आली, आणि त्याच दिवशीं शिवडीहून समुद्रावरून येणारा पूल तालुक्यांत चिर्ले येथें येऊन टेकला. पुलाचीं चित्रें लक्षावधि निघालीं. परंतु ज्या घरांत मोबदल्यानें स्लॅब पडला आणि शेत गेल्यावर तरुण मुलगा कामाच्या शोधांत रोज गेटावर उभा राहतो, त्या घराचें चित्र कसें घ्यावें? तेथें पोट खपाटीला गेलेलें नाहीं, वस्त्र फाटलेलें नाहीं. गेलेली वस्तु कॅमेऱ्याला दिसत नाहीं. अशा हलाखीला नव्या दृष्टीचा छायाचित्रकार हवा, आणि तो बहुधा त्याच घरांतून निघेल. आज त्या मुलाच्या खिशांतहि कॅमेरा आहे.

त्या विद्यार्थिनीला मीं विचारलें कीं, वार्षिकांतल्या चित्राखालीं आजीचें नांव लिहिलें तर चालेल कां. तिनें घरीं विचारून चार दिवसांनीं होकार आणला. ग्रंथालयाच्या प्रतींत 'दारिद्र्य' या छापील शब्दावर मीं काट मारली आणि खालीं शाईनें तिच्या आजीचें पूर्ण नांव, गांव आणि साल लिहिलें. ग्रंथपालांनीं पुस्तक खराब केल्याबद्दल हटकलें, तेव्हां कारण सांगितलें. तें नांव मी येथें देत नाहीं. तेवढ्याच पानापुरती परवानगी मीं घेतली आहे.